चौकट, बदक आणि पिवळी रेघ

१९९४ साली अमेरिकेत डेव्हिड हिल नावाच्या गृहस्थांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, असं त्यांच्या कचेरीतली माणसं पुढे सांगत असत. हिल यांनी कुणाची जमीन लाटली नव्हती, की कुणाच्या देवाधर्माबद्दल वावगा शब्द काढला नव्हता. फॉक्स चॅनेलवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू असताना पडद्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी लहानशी चौकट ठेवली आणि तिच्यात स्कोअर आणि उरलेला वेळ लिहिला. गुन्हा एवढाच.

ही चौकट त्यांच्या डोक्यात आली ती इंग्लंडमध्ये. हिल तेव्हा स्काय स्पोर्ट्सचे प्रमुख होते. एकदा फुटबॉलचा सामना लावला आणि स्कोअर काय झालाय हे कळायला त्यांना ताटकळत बसावं लागलं. तोवर रीतच तशी होती. स्कोअर सांगणं निवेदकाच्या मर्जीवर. त्याने सांगितला तर सांगितला, नाहीतर कोण जास्त तोंड पाडून पळतंय ते बघून प्रेक्षकाने अंदाज बांधायचा. १९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा हिल यांनी वेळ आणि स्कोअर कोपऱ्यात कायमचे चिकटवून टाकले. वरिष्ठांनी ते पाहिलं आणि इतका मूर्खपणा आपण आजवर पाहिलेला नाही, ताबडतोब काढ, असं सुनावलं. हिल ऑस्ट्रेलियन. त्यांनी ऐकून घेतलं आणि चौकट तिथेच ठेवली.

धंद्यातल्या जुन्या लोकांची भीती अगदीच खुळी नव्हती. स्कोअर सारखा दिसत राहिला आणि सामना एकतर्फी असला, तर लोक उठून जातील, हा त्यांचा हिशेब. म्हणजे प्रेक्षकाला अंधारात ठेवा, तो आपोआप बसून राहील. टीव्हीवरच्या मालिका आजही याच तत्त्वावर चालतात. पण खेळाच्या बाबतीत हिशेब चुकला. प्रेक्षकांनी आधी आरडाओरडा केला, मग त्यांना सवय झाली, आणि सवय झाल्याची खात्री पटल्यावर त्या जागेत भाडेकरू आला. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकात अमेरिकन प्रक्षेपकांपुढे पेच होता. पंचेचाळीस मिनिटं खेळ थांबत नाही, मग जाहिरात दाखवायची कधी? त्यांनी घड्याळाशेजारीच जाहिरातदाराचं चिन्ह बसवलं. खेळाच्या प्रक्षेपणाचा पुढचा सगळा इतिहास या तीन पायऱ्यांत बसतो: ओरड, सवय, भाडेकरू.

हिल यांना ओरड नवी नव्हती. त्यांची उमेदवारी झाली ती केरी पॅकर यांच्या चॅनेल नाइनमध्ये. पॅकर यांना ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेटचे हक्क हवे होते. तीन वर्षांसाठी १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजायची त्यांची तयारी होती. क्रिकेट मंडळाने ते नाकारले आणि सरकारी एबीसीला २ लाख १० हजारांत हक्क दिले. जुना ऋणानुबंध. पॅकर यांनी चिडून जगातले पन्नासेक चांगले खेळाडू विकत घेतले आणि १९७७च्या डिसेंबरात स्वतःचंच क्रिकेट सुरू केलं. मोठी मैदानं मिळेनात म्हणून फुटबॉलच्या मैदानांवर, बाहेर कुंडात वाढवलेली खेळपट्टी क्रेनने आणून बसवली. रात्री दिवे लावले. दिव्यांत लाल चेंडू दिसेना म्हणून पांढरा केला. पांढऱ्या कपड्यांपुढे पांढरा चेंडू दिसेना म्हणून कपडे रंगवले. वन-डे क्रिकेटचा आजचा सगळा थाट म्हणजे एका टीव्ही मालकाला चेंडू नीट दिसावा म्हणून केलेली सोय आहे. जानेवारी १९७९मध्ये सिडनीला रंगीत कपड्यांचा सामना झाला. ऑस्ट्रेलियाला सोनेरी पिवळा रंग मिळाला आणि वेस्ट इंडीजच्या वाट्याला आला गुलाबी. समोरच्याच्या बरगड्या मोडण्यासाठी विख्यात असलेले ते सहा-सहा फुटी वेगवान गोलंदाज गुलाबी पायजम्यात उतरले. त्यांना तो रंग मुळीच रुचला नाही. फलंदाजांना हसायची मात्र सोय नव्हती.

पण खरा फरक कॅमेऱ्यांनी पाडला. तोवर मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असे. त्यामुळे एका षटकात फलंदाजाचा चेहरा आणि दुसऱ्या षटकात त्याची पाठ. पाठ हा सभ्य शब्द झाला. अर्धा दिवस त्या दृश्यासाठी पॅकर पैसे मोजणार नव्हते. त्यांनी दोन्ही टोकांना कॅमेरे लावले, स्टंपाजवळ मायक्रोफोन पुरला, आणि क्रिकेट हा एवढा शिवराळ खेळ आहे हे सभ्य जगाला पहिल्यांदा कळलं.

आणि मग ते बदक. शून्याला इंग्रजीत ‘डक’, म्हणजे बदक, म्हणतात, म्हणून चॅनेल नाइनवर फलंदाज शून्यावर बाद झाला की पडद्याच्या तळाशी एक कार्टून बदक यायचं, डॅडल्स नावाचं. बॅट बगलेत, डोळ्यांत पाणी, आणि बाद झालेल्या फलंदाजाच्या बरोबरीने तेही पॅव्हेलियनकडे चालू लागायचं. १९८१-८२च्या हंगामात ग्रेग चॅपल यांच्यासारखा थोर फलंदाज शून्यामागून शून्य काढू लागला, तेव्हा त्या बदकाला उसंत मिळेना. जाणकारांना हे सगळं थिल्लर वाटलं. पण बदक टिकलं, कारण त्या बदकाने क्रिकेटचा एक मोठा प्रश्न सोडवला होता. बाद झाल्यावर फलंदाज चालत जातो, त्याला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि त्या वेळात दाखवण्यासारखं काहीच नसतं. आपल्याकडे ही युक्ती कुणाला सुचली असती, तर त्या जागी म्हातारीचा भोपळा गडगडत गेला असता.

चॅनेल नाइनची आणखी एक देणगी म्हणजे नाणेफेकीआधीचा खेळपट्टीचा अहवाल. पांढरी टोपी घातलेले टोनी ग्रेग वाकून खेळपट्टीच्या भेगेत मोटारीची किल्ली खुपसत. शेजारी हवामानाचा फलक. त्यावर तापमान, आर्द्रता, वारा, आणि एवढ्यावर न थांबता, खेळाडूंना किती बरं वाटतंय याचंही एक माप. ते खेळाडूंना विचारून काढत नसत, हे उघड आहे.

भारताला हा सगळा थाट मनापासून भावला तो १९८५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मेलबर्नच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या निमित्ताने. दिवे, रंगीत कपडे, पांढरा चेंडू, आणि १० मार्चच्या अंतिम सामन्यात समोर पाकिस्तान. आपण जिंकलो, मुंबईच्या रवी शास्त्रींना चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स म्हणून ऑडी गाडी मिळाली, आणि आख्खा संघ त्या गाडीच्या टपावर, बॉनेटवर, मिळेल तिथे बसून मैदानात फिरला. जर्मन इंजिनिअरांनी पाच माणसांसाठी बांधलेल्या गाडीची खरी क्षमता त्या दिवशी कळली. ही प्रक्षेपणातली जाहिरातच होती. गाडी आपल्या बाजारात मिळत नव्हती, तरी पुढे कित्येक वर्षं लोकांना शास्त्रींच्या धावा आठवत नसल्या तरी गाडीचं नाव आठवे.

घरच्या आघाडीवर मात्र थाट वेगळा होता. १९८२च्या एशियाडने दूरदर्शनला रंग आणला, पण क्रिकेटसाठी कॅमेरे मोजकेच. षटकाचा शेवटचा चेंडू आणि जाहिरात यांची शर्यत लागे आणि बहुतेकदा जाहिरात जिंकत असे. परत यावं तर नवा फलंदाज गार्ड घेतोय. जुना कसा गेला हे शेजारच्या रेडिओवाल्याला विचारायचं. चित्र पूर्णच गेलं, की व्यत्ययाबद्दल खेद व्यक्त करणारी हिंदी पाटी यायची. ती पाटी मात्र कधी अडकली नाही, हलली नाही, धूसर झाली नाही. त्या काळातलं सर्वांत भरवशाचं ग्राफिक तेच. आणि बीबीसी फार शहाणी होती असंही नाही. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला कपिल देव यांनी झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ काढल्या, त्या खेळीचं प्रक्षेपण झालंच नाही. परिणाम असा, की ती खेळी ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे मनात पाहिली, आणि दर वर्षी त्यातले षटकार थोडे लांब जाऊ लागले.

पैशाचा व्यवहारही तेव्हा उलटा होता. नव्वदीच्या सुरुवातीला सामना दाखवण्यासाठी दूरदर्शन क्रिकेट मंडळाकडूनच पैसे मागत असे, दर सामन्यामागे ५ लाख रुपये. वऱ्हाडाने जेवायचं आणि आहेरही घेऊन जायचा. १९९३च्या हिरो कपचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला दिले, तेव्हा महाभारत झालं. कंपनीचं सामान कस्टम्समध्ये अडकलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच स्पर्धेत २४ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सच्या दिव्यांखाली सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात लागणाऱ्या सहा धावा करू दिल्या नाहीत. सामना दोन धावांनी जिंकला, कज्जा मात्र पुढे चालूच राहिला. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. आणि आता? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एका सामन्याचे साधारण ११८ कोटी. एवढे पैसे मोजल्यावर कोण तुम्हाला नुसता खेळ दाखवील?

पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीचं राजकारण तिकडे अमेरिकेत या सगळ्याच्या कितीतरी आधी रंगून गेलं होतं. १७ नोव्हेंबर १९६८, एनबीसी चॅनेल, अमेरिकन फुटबॉलचा सामना, न्यूयॉर्क जेट्स विरुद्ध ओकलंड रेडर्स. ६५ सेकंद उरलेले, जेट्स ३२-२९ने पुढे. सात वाजले. ठरल्याप्रमाणे सामना कापून ‘हायडी’ हा मुलांचा चित्रपट सुरू झाला. सामना पुढे चालू ठेवा, हे सांगायला एनबीसीचेच अधिकारी फोन करत होते, पण प्रेक्षकांनी चौकशीसाठी इतके फोन केले होते, की स्विचबोर्डचे फ्यूज उडाले. इकडे रेडर्सनी नऊ सेकंदांत दोन टचडाऊन करून सामना ४३-३२ने जिंकला. ही बातमी मग चित्रपटाखालून सरकत्या पट्टीत दिली गेली, आणि मुहूर्त साधला तो असा, की पडद्यावर पांगळी क्लारा पहिलं पाऊल टाकण्याची धडपड करत होती. अशा रीतीने फुटबॉलवाले आणि मुलांचे आईबाप हे दोन वर्ग एकाच संध्याकाळी एकाच चॅनेलवर खवळले. त्यानंतर एनबीसीने अशा प्रसंगासाठी एक वेगळी फोन लाइनच टाकून घेतली.

पुन्हा दाखवणं, ज्याला आपण रिप्ले म्हणतो, त्याची गंमत आणखी वेगळी. ७ डिसेंबर १९६३ला फिलाडेल्फियात लष्कर विरुद्ध नौदल हा अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. सीबीएसचे तरुण दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी सहाशे किलोच्या आसपास वजनाचं टेप मशीन मैदानावर आणलं होतं. टेप वापरलेली होती, त्यामुळे प्रयोगात मध्येच ‘आय लव्ह लुसी’मधली ल्युसी डोकावून जायची, असं व्हर्ना सांगत. शेवटी एकदा जमलं. लष्कराचा टचडाऊन लगेच दुसऱ्यांदा पडद्यावर आला आणि निवेदक लिंडसे नेल्सन यांना ओरडून सांगावं लागलं, की मंडळी, हे आत्ता घडत नाहीये, लष्कराने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत. आधी कुणी कधी गेलेला क्षण परत आलेला पाहिलाच नव्हता. आज उलट आहे. मैदानात बसलेला माणूससुद्धा विकेट पडली की मोठ्या पडद्याकडे मान वळवतो, स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नसतो.

या रिप्लेने पंचगिरीत शिरकाव केला तेव्हा पहिला बळी मराठीच निघाला. १९९२च्या नोव्हेंबरात डर्बनच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सने चेंडू फेकला, मैदानावरच्या पंचांनी हवेत चौकोन काढला, आणि तिसरे पंच कार्ल लिबेनबर्ग यांनी टीव्हीवर बघून सचिनला ११ धावांवर धावबाद ठरवलं. टीव्हीने बाद केलेला जगातला पहिला फलंदाज. पुढे मे २००१मध्ये लॉर्ड्सवर चॅनेल फोरने हॉक-आय आणलं, आणि चेंडू पॅडला लागला नसता तर कुठे गेला असता हेही दिसू लागलं. भारतीय मंडळाने पंच आणि पडदा यांची ही युती २०१६पर्यंत बऱ्याच रागाने दूर ठेवली. आता मात्र ज्या आजींना कालपर्यंत लेग कुठली आणि ऑफ कुठली याच्याशी कर्तव्य नव्हतं, त्या भाजी निवडता निवडता मान वर न करता सांगतात, “अंपायर्स कॉल आहे, वाचला मेला.”

हिल यांचं सगळंच जमलं असं मात्र नाही. फॉक्सने १९९६मध्ये आइस हॉकीत एक चमत्कार आणला. प्रेक्षकांची तक्रार होती, की बर्फावरची ती काळी चकती दिसत नाही. मग चकती मधोमध कापली, आत बॅटरी आणि सर्किट भरलं, आणि पडद्यावर तिच्याभोवती निळं तेजोवलय आलं. वेग ताशी ७० मैलांच्या वर गेला की मागे लाल शेपूट. अमेरिकेतल्या नवख्यांना बरं वाटलं. कॅनडातल्या लोकांना मात्र ती चकती आईच्या पोटात असल्यापासून दिसते. त्यांनी असा काही संताप केला, की १९९८नंतर ते वलय विझलं. पण त्यामागच्या इंजिनिअर मंडळींनी हाय खाल्ली नाही. २७ सप्टेंबर १९९८ला ईएसपीएनवर त्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर एक पिवळी रेघ काढली, संघाला कुठवर पोचायचं आहे ते दाखवणारी. रेघ मैदानावर नाहीच, फक्त टीव्हीवर. अवघड काम म्हणजे ती खेळाडूंच्या अंगावर न चढता पायांखालून गेली पाहिजे. म्हणजे हिरवं दिसतंय ते गवत की हिरवी जर्सी, हे संगणकाने सेकंदाला कित्येकदा ठरवायचं. ती इतकी बेमालूम जमली, की मैदानावर पहिल्यांदा गेलेले लोक रेघ शोधत बसतात.

वलय हरलं आणि रेघ जिंकली, यात कुणाला तंत्राचा फरक दिसेल. खरं कारण सोपं आहे. प्रेक्षकाच्या मनात प्रश्न होता तिथे रेघ आली. वलय आलं ते, तुम्हाला दिसत नाही, असं लोकांच्या तोंडावर सांगत.

कधीकधी तर काहीही न काढता चिन्ह तयार होतं. अमेरिकेतल्या एबीसीच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ या कार्यक्रमाच्या सुरुवातीला पराभवाचं दुःख दाखवायला १९७०मधली एक पडझड वापरत. युगोस्लाव्हियाचा स्की-जंपर विंको बोगताय उताराच्या टोकाशी घसरतो, कोलांट्या खात कडेच्या कुंपणाशी आदळतो. त्याला फारसं लागलं नव्हतं. पण अमेरिकेत तो दर आठवड्याला पडत राहिला, वर्षानुवर्षं, आणि बिचारा तिकडे आपल्या गावी कारखान्यात कामाला जात होता, त्याला पत्ताच नाही. १९८१मध्ये कार्यक्रमाच्या विसाव्या वाढदिवसाला त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. सभागृहात जगज्जेते बसलेले, आणि सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट त्याला. मुहम्मद अलींनी त्याची सही मागितली.

आपल्याकडे चिन्हांचा सुकाळ झाला तो आयपीएलपासून. षटकार हा शब्द गेला, त्याच्या जागी बांधकाम कंपनीचं नाव लावलेलं ‘मॅक्सिमम’ आलं. झेलाला मोबाइल कंपनीचं आडनाव मिळालं. २०१०मध्ये मैदानावर टायर कंपनीचा हवाई फुगा तरंगत असे आणि कसोटीत हजारो धावा काढलेले समालोचक त्या फुग्याचं कौतुक करताना श्वास घेत नसत. २००९मध्ये स्ट्रॅटेजिक टाइमआउट आला, दहा षटकांनंतर साडेसात मिनिटांचा. त्यात संघांनी कोणती व्यूहरचना केली हे इतिहासाला अज्ञात आहे. जाहिरातदारांची मात्र फत्ते झाली.

आणि हिल यांची ती चौकट? चाळीतल्या गॅलरीला आधी जाळी, मग खिडकी, मग भिंत असं करत करत तिची खोली होते, तसं तिचं झालं आहे. पट्टीत आता स्कोअर आहे, धावगती आहे, लागणारी धावगती आहे, भागीदारी आहे, मागच्या सहा चेंडूंचे ठिपके आहेत, दोन संघांची बोधचिन्हं आहेत, आणि मध्येच पडदा आक्रसून कडेने इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची जाहिरात शिरते. चेंडू टाकला जात असतानासुद्धा. उरलेल्या मोकळ्या जागेत क्रिकेट चालू असतं.

त्या पट्टीत सगळ्यात भाव खाऊन जातो तो विजयाची टक्केवारी सांगणारा आकडा. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या, सहा गडी शिल्लक. गणिती अंदाज त्यांच्या बाजूने नव्वदीपार गेलेले. घरोघरी लोक टीव्ही बंद करून झोपायला निघाले होते. काही निघूनही गेले आणि त्यांच्या बायकांनी ते त्यांना अजून ऐकवणं सोडलेलं नाही. भारत सात धावांनी जिंकला. आणि त्यातला सूर्यकुमार यादवचा तो सीमारेषेवरचा झेल. सबंध भारताने तो संथ गतीत इतक्या वेळा पाहिला, की दोरीच्या एकेका पिळाची लोकांशी ओळख झाली.

हल्ली सामना मोबाइलवर मराठीतही ऐकता येतो. २०२३मध्ये आयपीएल जिओसिनेमावर बारा भाषांत आली, त्यात मराठी होती. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर मराठी समालोचनाची जी वाट पाडली होती, तिला पुन्हा गर्दी झाली. फक्त एक घोटाळा आहे. इंटरनेटवरचं चित्र केबलच्या चित्रापेक्षा काही सेकंद मागे असतं. त्यामुळे हाउसिंग सोसायट्यांत दोन जाती पडल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर केबल, पाचव्यावर इंटरनेट. गोलंदाज अजून टॉवेलला हात पुसतोय आणि खालून “गेला रे गेला!” असा जल्लोष होतो. पाचव्या मजल्यावरचा माणूस अडतीस इंची पडदा, चार कॅमेऱ्यांचे पर्याय, टक्केवारी आणि ठिपके यांच्यासमोर बसून आता फक्त गेला तो कसा गेला, बोल्ड की झेल, याचीच वाट बघतो. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीनंतरचा विषय म्हणून, सामन्याच्या वेळी केबलवाल्यांनी तोंडं बंद ठेवावीत, असा ठराव कुणी आणलाच, तर सेक्रेटरी तो बहुधा फेटाळतील. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात.